फळ्यावरचा ‘आदर्श’ हा शब्द मी का पुसला



आजचा लेख थोडा वेगळा आहे. दरवेळी आपण एखादा पाठ कसा शिकवावा हे लिहितो. आज मी एक पाठ कसा चुकीचा शिकवला आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणी मोजली, ते लिहिते आहे. ज्या घराची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे, फक्त नाव देत नाही.

पाठ तुमच्या ओळखीचा आहे. इयत्ता दहावी, विज्ञान, ‘कार्बनी संयुगे’. त्यातला ज्वलनाचा भाग. पूर्ण ज्वलन म्हणजे निळी ज्योत, अपूर्ण ज्वलन म्हणजे पिवळी ज्योत आणि काजळी. एवढं शिकवून झालं की मुलांना गंमत वाटावी म्हणून मी एक गणित घालते. एक किलो इंधन जाळायला किती किलो हवा लागते?

पेट्रोलऐवजी आपण ऑक्टेन धरू. एका ऑक्टेन रेणूला साडेबारा ऑक्सिजन रेणू लागतात. ऑक्टेनचं रेणुवस्तुमान 114, साडेबारा ऑक्सिजनचं 400. म्हणजे 114 ग्रॅम ऑक्टेनला 400 ग्रॅम ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन वजनाने साधारण 23.2 टक्के असतो, म्हणून भागाकार केला की एक किलो ऑक्टेनला सुमारे 15.1 किलो हवा येते. पंपावर मिळणारं पेट्रोल हे निव्वळ ऑक्टेन नसतं, अनेक संयुगांचं मिश्रण असतं. त्याचा आकडा साधारण 14.7 धरतात आणि डिझेलचा 14.5. मुलांना हे आकडे फार आवडतात. डोळ्यांना न दिसणारी हवा इंधनाच्या पंधरापट वजनाची लागते, हे ऐकून वर्गात नेहमी कुजबुज होते.

मग मी त्या आकड्यांखाली दोन रेघा ओढायचे आणि शेजारी लिहायचे, ‘आदर्श प्रमाण’. माझी चूक या दोन शब्दांत होती. पण ते मला कळायला एक बोट बंद पडावी लागली.

आमच्या वर्गात पाचूबंदरची पुष्कळ मुलं असतात. ज्यांनी पाचूबंदर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वसईच्या किल्ल्याला लागून, खाडीच्या तोंडाशी वसलेला हा कोळीवाडा आहे. बांबूच्या वलांडीवर वाळणारे बोंबील, किनाऱ्याला लागलेल्या बोटी आणि सकाळी डिझेलच्या वासासकट येणारा वारा. इथल्या मुलांना इंजिन म्हणजे पुस्तकातलं चित्र नसतं. इंजिन चाललं तर घर चालतं, हे त्यांना पाचवी-सहावीपासून माहीत असतं.

त्यातलाच एक मुलगा. दहावी पास झाला आणि आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक ट्रेडच्या प्रवेशाची वाट बघत होता. जुलै महिना होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे बोटी वर ओढलेल्या आणि घरोघरी जाळी विणणं, रंग काढणं, इंजिनाची कामं चाललेली. त्याच्या पप्पांच्या बोटीला टर्बो असलेलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. गेल्या हंगामात ते जोर धरत नव्हतं. भरलेली बोट घेऊन ओहोटीच्या उलट येताना गुदमरायचं, काळा धूर टाकायचं.

एका संध्याकाळी तो माझ्या घरी वही घेऊन आला. “टीचर, तुम्ही शिकवलेलं गणित मी आमच्या इंजिनावर केलं. जरा बघा ना.”

त्याने केलेलं गणित असं होतं. इंजिन 5.7 लिटरचं, मिनिटाला 1800 फेरे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं, म्हणजे मिनिटाला 900 वेळा. तासाला होतात साधारण 308 घनमीटर. एक घनमीटर हवेचं वजन आपल्याकडच्या उन्हाळ्यात 1.16 किलोच्या आसपास, म्हणजे 357 किलो. टर्बोमुळे हवा 0.6 बार जास्त दाबाने येते असं त्याला कुणीतरी सांगितलेलं, म्हणून गुणिले 1.6. झाले सुमारे 570 किलो. डिझेल तासाला 18 लिटर, म्हणजे 15 किलो. आता भागा. प्रमाण आलं 38.

“टीचर, आदर्श प्रमाण 14.5 ना? आमचं इंजिन 38 वर चालतंय. अर्ध्यापेक्षा जास्त हवा फुकट जाते. म्हणजे डिझेल कमी पडतंय. वाढवलं तर जोर येईल ना?” शिवाय त्याने मोबाइलवर टर्बो गाड्यांचे व्हिडिओ पाहिले होते. त्यात ट्यूनिंग करणारे सांगत होते की बूस्ट वाढवला की मिश्रण रिच करायचं, म्हणजे इंधन वाढवायचं, त्याने इंजिन थंड राहतं.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला अभिमान वाटला. माझ्या वर्गातला मुलगा फळ्यावरचं गणित बोटीवर घेऊन गेला! मी गुणाकार-भागाकार तपासले, सगळे बरोबर होते. लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि “शाब्बास” म्हटलं. 0.6 बार हा आकडा कुठून आला, तो मोजला का, हे मी विचारलं नाही. इंधन वाढवण्याबद्दल मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाने त्या लाल खुणेचा अर्थ काय घ्यायचा?

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. डिझेल पंपावर जास्तीत जास्त किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा एक स्क्रू असतो. तो सील केलेला असतो. सील तोडून तो फिरवला गेला. खाडीत ट्रायल घेतली तेव्हा बोट खरंच चांगली पळाली. धूर होता, पण पळत होती. 1 ऑगस्टला दर्यावर गेली. तिसऱ्या फेरीत भरलेल्या बोटीने परत येताना जोर अचानक गेला, ब्रीदरमधून भकाभका धूर यायला लागला. शेजारच्या बोटीने दोर बांधून ओढत आणली. माणसं सगळी सुखरूप. एका सिलिंडरचा पिस्टन मात्र वरून जळलेला.

हंगामाचे पहिले तीन आठवडे बोट किनाऱ्याला. दोन महिने बंदीत काढलेल्या घरासाठी हे तीन आठवडे म्हणजे काय, ते मी इथे आकड्यात लिहीत नाही.

मला हे चार दिवसांनी कळलं. मी पाचूबंदरला गेले तेव्हा मेस्त्री इंजिन खोलून बसले होते. पिस्टन माझ्या हातात दिला. वरची कड मेणासारखी वितळून खाली ओघळली होती. मग त्यांनी रबराचा एक जाड होज दाखवला, टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा. क्लिपच्या खाली, सहज दिसणार नाही अशा जागी, बोटभर चीर होती.

“टीचर, रोग हा होता. हवा बाहेर चालली होती आणि आपण डिझेल वाढवलं,” मेस्त्री म्हणाले.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. त्याचे पप्पा म्हणाले, “टीचर, त्याला काय बोलू नका. स्क्रू फिरवायला मीच सांगितलं. त्याने वही दाखवली, त्यावर तुमची सही होती.”

त्या रात्री झोप लागली नाही. त्यानंतरचे काही महिने मी हा विषय नीट समजून घेतला. मेस्त्रींकडून, पुस्तकांतून आणि एका अभियांत्रिकीच्या प्राध्यापिकेकडून. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते, कारण माझ्यासारखी चूक तुमच्याही वर्गात होऊ शकते.

पहिली गोष्ट. 14.7 किंवा 14.5 हे प्रमाण ‘आदर्श’ नाही. ते फक्त हिशेब जुळणारं प्रमाण आहे. इंधनही उरणार नाही आणि ऑक्सिजनही उरणार नाही, एवढंच ते समीकरण सांगतं. इंजिनाला काय सोसेल याबद्दल समीकरण काहीच बोलत नाही. ट्यूनिंग करणारे लोक प्रत्यक्ष प्रमाणाला या हिशेबी प्रमाणाने भागतात आणि त्याला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा 1 म्हणजे हिशेब जुळला. एकापेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त, मिश्रण रिच. एकापेक्षा जास्त म्हणजे हवा जास्त, मिश्रण लीन. आणि लक्ष्य एकच नसतं. प्रत्येक वेगाला, प्रत्येक भाराला वेगळं लक्ष्य ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट, पेट्रोलच्या टर्बो इंजिनाची. व्हिडिओतली माणसं खोटं बोलत नव्हती. सरळ रस्त्यावर निवांत चाललेल्या पेट्रोल गाडीचं लक्ष्य 14.7 च्या आसपासच असतं, कारण धुरातले विषारी वायू साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच प्रमाणाला नीट काम करतं. पण टर्बो भरात आला, पूर्ण जोर लागला की ट्यूनिंग करणारे बहुधा ते 11.5 ते 12.5 पर्यंत खाली आणतात, म्हणजे लॅम्डा साधारण 0.78 ते 0.85. हे जास्तीचं पेट्रोल जळत नाही, त्याला ऑक्सिजनच उरलेला नसतो. मग ते कशाला घालायचं? थंडाव्यासाठी. माठातलं पाणी झिरपून वाफ होताना माठ गार करतं, तसंच पेट्रोलची वाफ होताना ते आतली उष्णता शोषून घेतं. टर्बो इंजिनात दाब आणि तापमान इतकं वाढतं की ठिणगीने लागलेली आग पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेऊ शकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. ते पिस्टन फोडतं. म्हणून जाणते ट्यूनर सुरुवात जास्त रिच मिश्रणावर करतात, बूस्ट थोडा थोडा वाढवतात, नॉकिंग आणि धुराचं तापमान बघत बघत जरुरीपुरतंच इंधन कमी करतात. यात पेट्रोल जास्त जातं, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ही किंमत आहे, पण इंजिन वाचतं.

तिसरी गोष्ट, डिझेलची. इथे सगळं उलटं आहे आणि हेच मला माहीत नव्हतं. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते, मग अगदी शेवटी नोझलमधून डिझेलचा फवारा सुटतो. मिनिटाला 1800 फेरे म्हणजे एका फेरीला सेकंदाचा तिसावा भाग. त्यातल्या जेमतेम सहाव्या हिश्श्यात, म्हणजे सेकंदाच्या सुमारे 180व्या भागात, डिझेलने हवेत मिसळायचं आणि जळायचं. इतक्या कमी वेळात प्रत्येक थेंबाला त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन सापडत नाही. म्हणून हवा हिशेबापेक्षा पुष्कळ जास्त द्यावी लागते. पूर्ण भारावरही हे प्रमाण साधारण 18 च्या खाली जाऊ देत नाहीत, टर्बो असेल तर 20 च्या वरच ठेवतात. रिकामी चाल असेल तेव्हा ते 60 च्याही वर जातं. त्याच्या खाली गेलं की काळा धूर, आणि धुराबरोबर उष्णता. पेट्रोलमध्ये मिश्रण रिच केलं की इंजिन गार होतं. डिझेलमध्ये रिच केलं की तापतं, कारण ती ‘फुकट जाणारी’ हवाच उष्णता वाटून घेत असते.

माझ्या विद्यार्थ्याने डिझेलच्या इंजिनाला पेट्रोलचा नियम लावला आणि माझा ‘आदर्श’ हा शब्द त्याला पुरावा म्हणून मिळाला.

आता त्याचं गणित पुन्हा करू. हे तुम्ही वर्गातही करून घेऊ शकता. दाब 1.6 पट झाला म्हणून हवेचं वजन 1.6 पट होत नाही, कारण दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना तळ गरम लागतो, तसंच. हवा 30 अंशांवरून 85 अंशांवर गेली असं धरू. केल्व्हिनमध्ये 303 आणि 358. मग वजन वाढतं 1.6 गुणिले 303 भागिले 358, म्हणजे साधारण 1.35 पट. शिवाय प्रत्येक वेळी सिलिंडर काठोकाठ भरत नाही, 87 टक्के धरू. हवा होते सुमारे 420 किलो. भागिले 15. प्रमाण 38 नाही, 28.

हे झालं होज चांगला असता तर. होज फाटका होता. समजा बूस्ट 0.6 ऐवजी 0.2 बारच पोचत होता. मग हवा साधारण 350 किलो, प्रमाण 23. भरलेल्या बोटीने उलट्या पाण्यात जोर लावला आणि वाढवलेल्या स्क्रूने तासाला 15 ऐवजी 20 किलो डिझेल जाऊ दिलं, तर प्रमाण साडेसतरा. म्हणजे मर्यादेच्या खाली. पिस्टन का जळला ते याच गणितात होतं. गुणाकार बरोबर होता, पण त्यात घातलेला आकडा कुणी मोजलेलाच नव्हता. आणि काळा धूर तर आधीपासून सांगत होता की हवा कमी पडते आहे. ‘काजळी म्हणजे अपूर्ण ज्वलन’ हे त्याच पाठातलं वाक्य आहे. ते मला त्या संध्याकाळी आठवलं नाही.

मेस्त्रींनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. काही टर्बो डिझेल पंपांवर एक छोटी डबी असते, आत रबरी पडदा. टर्बोच्या हवेची नळी तिला जोडलेली असते. हवेचा दाब वाढेल तसा पडदा सरकतो आणि मगच जास्त डिझेल सुटतं. दाब नसेल तर कितीही ॲक्सिलरेटर ओढा, डिझेल रोखलेलंच राहतं. आधी हवा, मग इंधन. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये टर्बोचं पहिलं पेटंट घेतलं, तेही इंजिनाला जास्त हवा मिळावी म्हणूनच. जोर हवा असेल तर आधी हवा शोधा, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

आता मी हा पाठ कसा शिकवते ते सांगते.

एक. फळ्यावर ‘आदर्श प्रमाण’ लिहीत नाही. ‘हिशेबी प्रमाण’ लिहिते. त्याच्या शेजारी तीन प्रश्न लिहिते: इंधन कोणतं? भार किती? आणि आपल्याला इंजिन कशापासून वाचवायचं आहे? या तिघांची उत्तरं मिळाल्याशिवाय लक्ष्य ठरत नाही.

दोन. गणितातल्या प्रत्येक आकड्यापुढे मुलांनी ‘मो’ किंवा ‘गृ’ लिहायचं. मो म्हणजे मोजलेला, गृ म्हणजे गृहीत धरलेला. उत्तर बरोबर असलं तरी त्यात एकही ‘गृ’ असेल तर त्यावरून कुठलाही स्क्रू फिरवायचा नाही. बूस्ट मोजायला साधा प्रेशर गेज पुरतो.

तीन. घरच्या गॅसची ज्योत बघायला सांगते. भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल तर काय कराल? बहुतेक मुलं म्हणतात, गॅस कमी करू. एखादी मुलगी म्हणते, बर्नरची भोकं साफ करू. मग मी तिला पुढे बोलावते आणि होजची गोष्ट सांगते.

चार. बरोबरची खूण करताना मी आता लिहिते की कशाला बरोबर. ‘गुणाकार बरोबर’ वेगळं आणि ‘निष्कर्ष बरोबर’ वेगळं. पालकहो, तुम्हीही घरी वही बघताना एवढं विचाराच, की हा आकडा आला कुठून?

त्या मुलाबद्दल तुम्ही विचाराल. पिस्टन जळल्यावर तो म्हणत होता, आयटीआयला जाणार नाही, मला इंजिनातलं काही कळत नाही. मी त्याच्यासमोर बसले आणि ते गणित सुरुवातीपासून पुन्हा केलं. माझ्या लाल खुणेपाशी आलो तेव्हा मी ती खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘इथे टीचर चुकल्या.’ तो पहिल्यांदा हसला. प्रवेश घेतला. मेस्त्रींनी नवा होज बसवला, पंप बेंचवर कॅलिब्रेट करून पुन्हा सील केला. स्क्रू आता जिथे होता तिथेच आहे, आणि बोट ओहोटीच्या उलट येताना गुदमरत नाही, असं त्याचे पप्पा सांगतात. इंजिनापाशी एक प्रेशर गेज लावला आहे. तो त्याने लावला.

परवा तो भेटला तेव्हा म्हणाला, “टीचर, 0.6 येत नाही, 0.55 येतो.” मी विचारलं, “मो की गृ?” म्हणाला, “मो.”

तुमच्या वर्गात असा एखादा शब्द आहे का, जो आपण सवयीने लिहितो आणि मुलं तो शब्दशः घरी घेऊन जातात? असेल तर जरूर कळवा. पुढच्या लेखात आपण त्यावर बोलू.